जमीन उभी

रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खालापूरच्या आमच्या कार्यालयातला फोन वाजायचा. मी उचलायचे. आधी कारखान्याच्या यंत्रांची घरघर ऐकू यायची, मग कुणीतरी घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग सावकाश, एकेक अक्षर जपून खाली ठेवल्यासारखं, "गायकवाड बोलतोय. जमीन उभी." मी "घेतलं" म्हणेपर्यंत ते थांबायचे आणि फोन ठेवून द्यायचे. पावसापाण्याची चौकशी नाही, साहेब आले का नाही, काही नाही.

या वाक्याचा मला मनस्वी संताप यायचा. माझ्यासमोर छापील तक्ता असायचा. त्यात लिहिलेलं असायचं, 'जमिनीची हालचाल : आहे / नाही. नको ते खोडावे.' खोडायला दोनच शब्द, आणि हा गृहस्थ तिसराच सांगणार. मी तेव्हा पंचविशीची होते. कर्जतच्या कर्णिकांची मुलगी, टंकलेखनाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, आणि आपल्याला शुद्ध मराठी येतं याचा ताठा नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरणारी.

"अहो गायकवाड," मी एकदा म्हटलं, "जमीन उभी कशी असेल? भिंत उभी असते. जमीन आडवीच असते. हालचाल आहे की नाही, एवढं एका शब्दात सांगा."

 मग तोच आवाज, तेवढाच सावकाश, "बाई, जमीन उभी. घेतलं का?"

"घेतलं," मी म्हटलं आणि 'आहे'वर काट मारली.

ही जमीन कुठली ते सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. साजगावच्या मागच्या डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या गेरूचा एक जाड पट्टा आहे. मुंबईच्या एका रंग करणाऱ्या कंपनीने पूर्वी तिथे आडवे बोगदे खणून पुष्कळ वर्षं गेरू काढला. वरचा डोंगर खाली येऊ नये म्हणून मधेमधे गेरूचेच खांब राखले. पुढे परवडेना, तशी कंपनी निघून गेली. बोगद्यांची तोंडंसुद्धा कुणी बुजवली नाहीत. आणि या पोखरलेल्या डोंगराच्या बरोबर वर, माळावर, उंबराची वाडी होती. ठाकरांची अकरा घरं, नाचणीची शेतं, एक विहीर. एका पावसाळ्यात माळाला भेगा पडल्या आणि विहिरीचं पाणी कुठल्या कुठे नाहीसं झालं, तेव्हा सरकारला या खाणीची आठवण झाली.

मग आमचं खातं आलं. जमिनीत चार ठिकाणी यंत्रं पुरली. कागदोपत्री त्यांचं नाव 'भूध्वनिग्राहक' असं होतं. तो शब्द टाइप करताना माझ्यासुद्धा बोटांच्या गाठी व्हायच्या. गायकवाड त्यांना 'कान' म्हणायचे. पोटात दगड तडकला की या कानांना कळायचं. त्यांच्या तारा एका पत्र्याच्या खोलीत आणल्या होत्या. तिथे बसून, हेडफोन लावून, दर दोन तासांनी दहा मिनिटं ऐकायचं, किती वेळा 'टक' झालं ते मोजून वहीत लिहायचं, आणि रोज सकाळी डोंगर उतरून कारखान्याच्या फाटकावरच्या फोनवरून खालापूरला कळवायचं, हे गायकवाडांचं काम. रोजंदारीवर. हुद्दा मात्र 'निरीक्षक'.

ते पहिल्यांदा कार्यालयात आले ते बॅटऱ्या न्यायला. काळेसावळे, रुंद, पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी, खिशाला पेन. बर्वे हेडक्लार्क बॅटऱ्यांची पावती करत होते, तोवर गायकवाड आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मला कसंसंच झालं. गायकवाड बौद्ध, हे मला आडनावावरून आणि इतरांच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. आपण किती सुधारलेल्या आहोत हे दाखवायची अशी संधी मी सोडणार थोडीच. खुर्ची पुढे ओढून मी मोठ्याने म्हटलं, "असं दारात काय बसता? आता कुठे राहिलंय तसलं काही. या, आत बसा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावले नाहीत, पण मला बरं वाटेल असंही काही त्यांनी केलं नाही. "बाई, छपन सालापासून आमी कुणाच्या उंबऱ्यावर बसत नाय. मी बसलोय तो ह्या छपराला भिऊन. छपराखाली बसायचं तर माजा एक पाय दाराबाहीर पायजे."

बर्वे फिदीफिदी हसले. मी खुर्ची परत जागेवर ठेवली. त्या दिवशी मला इतकं लाजल्यासारखं झालं, की दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी जमिनीच्या आडवेपणाविषयी एक अक्षर काढलं नाही.

फेब्रुवारीत सामानाची पडताळणी करायला साहेबांबरोबर मी जीपने वर गेले. साहेब भेगा बघायला माळावर गेले आणि मी यादी घेऊन पत्र्याच्या खोलीत शिरले. शिरले म्हणजे गायकवाडांना ओलांडून गेले, कारण ते उंबऱ्यावर होते. हेडफोनची तार त्यांनी स्वतः जोड देऊन वाढवून घेतली होती, ती टेबलापासून दारापर्यंत जमिनीवरून गेलेली. सामानाच्या यादीत एवढी तार नव्हती. मी तसं म्हटलं.

"माज्या पदरची हाय," ते म्हणाले. "लिवा, न्हाईतर नका लिवू. ऐकायचंय का?"

मी हेडफोन लावला. आधी काहीच नाही, कानात समुद्र भरावा तशी नुसती शू शू. मग अगदी लांबून, पण स्पष्ट, टक. मी दचकले आणि हेडफोन त्यांना परत दिला.

"ती बोटं मोडतोय डोंगर. म्हाताऱ्या माणसाची मोडत्यात तशी," गायकवाड म्हणाले. "एक-दोन टक म्हंजी कायबी नाय. पण पावसात गेरू भिजला, की त्याचं लोणी होतंय. खांब लोण्याचं झालं, की मग वरचा दगूड एकसारखा बोलाया लागतो. त्याला मोजायचं नसतंय, पळायचं असतंय." मग म्हणाले, "डोंगर खोटं बोलत नाय, बाई. पण लवकर बी बोलत नाय."

साहेब अजून वरच होते. मी यादीत उगाच खुणा करत राहिले आणि मग विचारलंच, की तुम्ही सगळं बोलताना हाय-नाय बोलता, मग फोनवर जमीन उभी हे खूळ कुठून आलं?

त्यांनी कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सांगितलं ते अगदी सरळ सांगितलं. कंपनी होती तेव्हा ते याच खाणीत कामाला होते, आणि त्यांचा थोरला भाऊ बाळूदादाही. एकदा पावसाळ्यात बोगद्याचं छत मधेच बसलं. आतल्या अंगाला गायकवाड आणि आणखी दोघं अडकले. बाहेरचं जग आणि ते यांच्यामध्ये दगडमातीचा ढीग, वर हात जाईल एवढी फट. दोन दिवस ते तिथे होते. पाणी भिंतीचं चाटायचं, आणि एकमेकांना झोपू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फटीतून बाळूदादाचा आवाज आला. तो माणसं घेऊन ढीग उपसायला आला होता. आत पाऊल टाकण्याआधी त्याने रीतसर विचारलं, "वरचं छप्पर हलतंय का?"

"हलत होतं," गायकवाड म्हणाले. "डोक्यावर माती भुरभुरत होती. आमी तिगंबी वरडलो, 'हाय! हाय!' त्या फटीतनं बाहीर काय गेलं म्हाईत हाय? 'नाय.' त्यो म्हनला, चला रं, नाय म्हनत्यात. आणि आत आला."

छत दुसऱ्यांदा बसलं ते बाळूदादावर. त्या धक्क्याने मधला ढीग घसरला, वाट झाली, आणि आतले तिघे त्याच वाटेने जिवंत बाहेर आले.

"तवापासनं जमिनीच्या बाबतीत ह्ये दोन शब्द मी तोंडात घेत नाय. बाकी सगळीकडं घेतो. च्या हाय का, हाय. मीठ नाय का, नाय. पण जमिनीला उभी, न्हाईतर बसली. ह्ये दोन कुणाला एकमेकांसारखे ऐकू येनार नाईत. फोन किती बी खरखरू दे."

 शुद्ध आहे-नाही घेऊन मी या माणसाला महिनोन् महिने शिकवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी तक्त्यातलं काहीच खोडेनाशी झाले. 'आहे / नाही' तसंच ठेवायचे आणि वरच्या कोऱ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'उभी.' वाटलं, या माणसासाठी आपण एवढं करू शकतो. रोज हा तक्ता एस.टी.च्या टपालाने अलिबागला जायचा. तिकडून कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, मान्य झालं. ते तक्ते तिकडे कुणी वाचतच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

गायकवाडांची खरी अडचण वेगळीच होती. आदल्या पावसाळ्यात एकदा टक वाढले, तसं त्यांनी स्वतःच वाडीवर जाऊन लोकांना खाली उतरवलं होतं. चार दिवस अकरा घरं साजगावच्या शाळेत राहिली. डोंगर काही बसला नाही. इकडे गुरांनी नाचणीची रोपं खाल्ली, आणि वाडीचं ते वर्ष रोप मागून आणण्यात गेलं. साहेबांनी गायकवाडांना मेमो दिला, 'निरीक्षकाने लेखी आदेशाशिवाय रहिवाशांशी परस्पर बोलू नये. घबराट पसरविल्यास कारवाई केली जाईल.' तो मेमोही मीच टाइप केलेला. वाडीला दुसरी जागा द्यायचा प्रस्ताव होता, पण जंगलखातं जमीन सोडेना, आणि ती फाइल विचाराधीन होती. विचार कोण करत होतं ते मला कधी दिसलं नाही.

म्हणजे डोंगराच्या पोटात काय चाललंय ते ज्या एका माणसाला ऐकू येत होतं, त्याला ते वरच्या माणसांना सांगायची बंदी होती. वाडीची माणसं जाता-येता त्यांना हटकायची. वाडीतला कर्ता माणूस हिरू निरगुडा, तो तर रोजच. "काय रं काशिनाथ, काय म्हनतोय डोंगर?" गायकवाड उत्तर द्यायचे, "ऐकतोय अजून." मला म्हणाले होते, "आमचं काम ऐकायचं, बाई. सांगायचं काम सायबांचं. पगार बी ऐकायचाच मिळतोय." नोकरी सोडावी तर त्या खोलीत दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, आणि बसलं असतं तरी ऐकायला शिकायला त्याची दोन वर्षं गेली असती. हे ते जाणून होते. पुन्हा भावाचं कुटुंबही त्यांच्याच गळ्यात. दोन दिवस अडकले होते म्हणाले, पण मला वाटतं, ते त्या खाणीतून बाहेर असे कधी आलेच नव्हते.

जुलैत आठवडाभर पाऊस कोसळत राहिला. एका सकाळी फोन नऊच्याही आधी वाजला. घसा साफ केल्याचा आवाज नाही. "गायकवाड बोलतोय. जमीन बसाय लागली. दहा मिंटाला चाळीसच्या वर. लेखी आडर पाठवा. वाडी खाली घ्यायला पायजे."

 साहेब दौऱ्यावर होते. मी बर्व्यांकडे धावले. बर्वे वाईट माणूस नव्हते, फक्त सही करायला भ्यायचे. "माझ्या अधिकारात वाडी हलवता येत नाही हो. अलिबागला कळवा." अलिबागचा ट्रंक कॉल लागेना, पावसाने तारा पडल्या होत्या. बर्वे म्हणाले, तक्ता भरा, शिपायाला एस.टी.त बसवा, हाती द्यायला सांगा.

मी तक्ता ओढला. आणि इथे माझ्या हातून जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. 'नाही'वर काट मारायची आणि 'आहे' ठेवायचं, एवढंच काम होतं. पण मला वाटलं, हा त्यांचा शब्द आहे. भाऊ गमावून कमावलेला. याच्यापुढे तो छापील 'आहे' किती मिळमिळीत. हा वाचून तिकडची माणसं खुर्चीतून उठतील. मी काहीच खोडलं नाही. वर ठळक लिहिलं, 'बसू लागली', खाली दोन रेघा ओढल्या आणि शिपायाला पिटाळलं.

तो तक्ता तिसऱ्या दिवशी परत आला. अलिबागच्या कुणा कारकुनाने लाल शाईत शेरा मारला होता, 'कोण बसू लागली? विहित रकान्यात आहे / नाही यांपैकी एक खोडून फेरसादर करावे.'

मधल्या दोन दिवसांत गायकवाडांनी पाच वेळा फोन केला. "आडर आली का, बाई?" मी म्हणायचे, येईल, पाठवलंय, आज नक्की येईल. आवाज चढवला नाही त्यांनी. शेवटच्या फोनला फक्त म्हणाले, "आता मोजता येत नाय." फोनवर जमिनीच्या बाबतीत 'नाय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

पुढचं मला हिरू निरगुड्याने सांगितलं. गायकवाड भर पावसात वाडीवर गेले. लोक म्हणाले, आदल्या साली शाळेत नेऊन ठेवलंस, रोपं गेली, यंदा आमी हलनार नाय. सरकारचा कागद दाखव. कागद नव्हता. तेव्हा गायकवाड हिरूच्या घरात शिरले. उंबरा ओलांडून, चुलीच्याही पलीकडे, पार मागच्या कुडाला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "मला बोलायची बंदी हाय. म्हून मी काय बोलत नाय. बसलोय. तुमी सगळी निघालात की मी निघंन."

"आमी त्याला वळकत होतो ना," हिरू मला म्हणाला. "माज्या लग्नात बी मांडवात शिरला नाय तो, बाहीर पावसात उभ्यानं जेवला. तो मानूस कुडाला पाठ लावून बसला, आणि कापत होता बगा. दात वाजत होते त्याचं. माजी बाई म्हनली, अवो, ह्यो मरंल हितं. उटा. आमी पोरं घेतली, कोंबड्या घेतल्या. सगळी वाडी उतरली."

सगळी माणसं बाहेर पडली. हिरूचं घर शेवटचं. गायकवाड उठून दारापर्यंत आले, आणि मागचा कूड आणि त्यामागची जमीन एकदमच गेली. माळाचा चतकोर भाग खाली बसला, त्यात चार घरं आणि दावणीचे सहा बैल गेले. माणूस एकही नाही. दाराची चौकट गायकवाडांच्या पायावर पडली. हिरूने आणि त्याच्या भावाने त्यांना ओढून काढलं. पाय घोट्यातून चुरला होता.

बैल आणि घरं गेल्यामुळे चौकशी लागली. सूचना मिळून तीन दिवस कार्यवाही का झाली नाही, याचा खुलासा अलिबागने मागवला. बर्व्यांनी मसुदा लिहिला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्यात होतं, 'संबंधित निरीक्षकाने विहित शब्दांऐवजी ग्राम्य शब्दप्रयोग केल्याने संदेशाचा अर्थबोध होऊ शकला नाही. तसेच सदर निरीक्षकाने लेखी आदेशाचा भंग करून रहिवाशांच्या वस्तीत परस्पर प्रवेश केला.'

मी बर्व्यांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "शब्द त्यांचा असला तरी तक्ता मी भरलाय. खोडायचं काम माझं होतं."

बर्व्यांनी चष्मा काढला. "कर्णिकबाई, तुमचा कायम होण्याचा कागद याच आठवड्यात जायचाय. गायकवाड रोजंदारीवर आहे. त्याचं काय जाणार? दुसरीकडे लागेल कुठेतरी. तुम्ही काय केलंत ते लिहिलंत, तर तुम्ही जाल, मी जाईन, आणि त्याचा पाय काही बरा होणार नाही." मग हळूच म्हणाले, "घरी कोण आहे कमावतं?"

घरी कुणी नव्हतं. वडिलांची गिरणी बंद पडली होती, आणि ते दिवसभर कर्जतच्या घराच्या ओटीवर जुनी वर्तमानपत्रं वाचत बसायचे. हे काही कारण होऊ शकत नाही, हे मला तेव्हाही समजत होतं. मी यंत्रात कागद घातला, दोन कार्बन घातले आणि टाइप करायला बसले. 'ग्राम्य' शब्दापाशी थांबले. उठून पाणी प्यायले, परत आले आणि तो शब्द टाइप केला. खाली डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची आद्याक्षरं घालायची पद्धत होती. तीही घातली, सु. क.

गायकवाडांना कामावरून कमी केलं. वाडीला शेवटी रस्त्याच्या कडेला जागा मिळाली. घराला पुरेल एवढी, नाचणीला नाही. बायामाणसं साजगावच्या कारखान्यात माल उचलायला जाऊ लागली. हिरू एकदा गायकवाडांना म्हणाला म्हणे, "वाचवलंस रं, पण ठेवलंस कुठं?" गायकवाडांनी मान हलवली.  पुढे ते कडावला एका भातगिरणीत तोलाईला बसायचे, आणि तिथेच काही वर्षांनी गेले. मला ते तेरा दिवसांनी कळलं, तेही बाजारात. भेटायला मी कधी गेले नव्हते. जायचं धाडस झालं नाही, असं सरळच लिहिते.

पण कामावरून कमी केल्यानंतर ते एकदा कार्यालयात आले होते. कागदपत्रांची नक्कल हवी म्हणून, दुसरीकडे कामाला दाखवायला. दुपारची वेळ, बर्वे जेवायला गेलेले. काठी टेकत ते आत आले, पार माझ्या टेबलापर्यंत. आता त्यांना छपराची भीती उरली नव्हती, की पायामुळे उंबऱ्यावर बसता येत नव्हतं, मला कळलं नाही. मी फाइल उघडली. खुलाशाची कार्बन प्रत वरच होती. ती न देता बाकीचे कागद देता आले असते. माझ्या मनात तो विचार आला, आणि मी सगळीच फाइल त्यांच्यापुढे सरकवली. निदान एवढं तरी, असं मला वाटलं असावं.

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचलं. प्रत्येक ओळ. ओठ किंचित हलत होते. 'ग्राम्य शब्दप्रयोग' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मग पुढे सरकलं. सगळ्यात शेवटी डाव्या कोपऱ्यातली अक्षरं त्यांनी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं, असं मला फार वाटत होतं. मी सगळं सांगून टाकलं असतं. दोन रेघा ओढल्या होत्या तेसुद्धा.

त्यांनी कागद फाइलमध्ये नीट लावला, कडा जुळवल्या आणि फाइल माझ्याकडे परत सरकवली.

"टायपिंगमदी एक बी चूक नाय, बाई," ते म्हणाले.

आणि इतकी वर्षं माझ्या टायपिंगचं कुणी कौतुक केलं की तोंडातून आपोआप जे निघायचं, तेच निघालं. मी म्हटलं, "थँक्यू."